लसूणघासाच्या गावात चार दिवस

इटलीला जायचं नक्की झालं, तेव्हा आप्पांनी रोमचं नाव काढलं नाही की व्हेनिसचं. "तिथं गोठा बघाय मिळंल का?" एवढंच विचारलं.

धाकटी बहीण पार्मा विद्यापीठात अन्नशास्त्र शिकते. आम्ही वाळवा तालुक्यातले. आप्पांनी उसाबरोबर चाळीस वर्षं दुभती जनावरं सांभाळली. आम्हा दोघींची शिक्षणं पहाटेच्या धारेवर झाली. त्यामुळे या सहलीत काय बघायचं ते आप्पा ठरवतील, हे आम्ही दोघींनी फोनवरच पक्कं केलं. धाकटीनं गाव सुचवलं नोवेल्लारा. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातलं, 13-14 हजार वस्तीचं, चारी बाजूंनी शेतं असलेलं. ती म्हणाली, "ताई, तिथं आप्पांना हिंदी बोलणारी माणसंसुद्धा भेटतील. आणि जेवायचीही अडचण होणार नाही." आप्पा माळकरी आहेत, आणि इटलीत जेवणाची खरी काळजी मला तीच होती.

व्हिसाबद्दल थोडं सांगते, कारण शेतकरी आईवडिलांना न्यायचं म्हटलं की अनेकजण इथंच अडतात. पुण्यातल्या एका एजंटानं आयकर विवरण नाही म्हटल्यावर "मग अवघड आहे" म्हणून फाईल परत केली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तर विवरण कुठून येणार? मग आम्ही दोघींनी मिळून कागद जमवले. 7/12 आणि 8अ चे उतारे, कारखान्याची दोन हंगामांची ऊसबिलं, दूध संस्थेची बिलं, बँकेचा सहा महिन्यांचा खातेउतारा, आणि या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. सोबत मुलगी तिथं शिकत असल्याचं विद्यापीठाचं पत्र आणि शेंगेन देशांसाठी लागणारा किमान 30,000 युरोचा प्रवास विमा. आप्पांनी प्रत्येक बिल तारखेप्रमाणे लावून दिलं होतं. व्हिसा मिळाला. कागद खरे आणि सलग असले की शेतकऱ्यालाही मिळतो, हे मी आता खात्रीनं सांगते.

जुलैचा शेवटचा आठवडा. पार्माहून रेज्जो एमिलियाला मोठी गाडी, आणि तिथून ग्वास्ताल्लाकडे जाणारी छोटी. रेज्जोत हाती दोन तास होते, म्हणून नगरपालिकेतलं ते सभागृह बघून घेतलं जिथं 7 जानेवारी 1797 रोजी हिरवा-पांढरा-लाल झेंडा पहिल्यांदा स्वीकारला गेला. पुढे तोच इटलीचा राष्ट्रध्वज झाला. आप्पा सभागृहात टोपी काढून उभे राहिले. मग लगेच म्हणाले, "चला, गाडी चुकंल."

छोट्या गाडीच्या खिडकीतून त्यांनी जे पाहिलं, ते मला दिसलंच नव्हतं. मी सपाट हिरवा मुलूख बघत होते. ते म्हणाले, "अगं, ही लसूणघास हाय."

खरंच होती. एका शेतात मका, एका शेतात द्राक्षाचे मांडव, आणि त्यांच्या मधे मैलोगणती लसूणघास. काही ठिकाणी जांभळी फुलं, काही ठिकाणी कापून वाळत घातलेला घास, काही ठिकाणी वाळलेल्या चाऱ्याच्या गोल गठड्या. इटालियनमध्ये तिला एर्बा मेदिका म्हणतात. आमच्या विहिरीजवळ पाच गुंठ्यांत आप्पा वर्षानुवर्षं तीच लावतात. सात समुद्रांपलीकडच्या मुलुखात उतरायच्या आधीच त्यांना ओळखीचं कुणी भेटलं होतं.

गाव लहान आणि सुरेख. मधोमध कमानींच्या ओसऱ्यांचा चौक, एका बाजूला संत स्तेफानोचं चर्च, आणि थोड्या अंतरावर गोंझागा घराण्याचा किल्ला, रोक्का. या घराण्याच्या एका शाखेनं 1371 ते 1728 इथं राज्य केलं. मान्तोव्हाचे गोंझागा बलाढ्य, त्यांचे हे धाकटे भाऊबंद. पण धाकट्यांनीही गावाला आकार दिला. 16व्या शतकात लेलिओ ऑर्सी हा इथलाच चित्रकार त्यांच्या पदरी होता. आज त्या किल्ल्यात नगरपालिकेची कचेरी आहे, वाचनालय आहे, छोटं नाट्यगृह आहे आणि वरच्या मजल्यावर संग्रहालय. नाट्यगृहाला फ्रांको ताल्याव्हिनी या इथं जन्मलेल्या ऑपेरा गायकाचं नाव दिलंय. जुनी वास्तू कुलूप लावून ठेवण्यापेक्षा तिच्यात रोज माणसं दाखला काढायला आणि पुस्तक बदलायला येतात, हे मला फार आवडलं. संग्रहालयात जुन्या औषधशाळेच्या रंगीत चिनी मातीच्या बरण्या आहेत. निळ्या-पिवळ्या नक्षीच्या, प्रत्येकीवर औषधाचं नाव. त्या बरण्यांसाठी तरी तिथं जावं. फक्त लहान गावातली संग्रहालयं रोज उघडी नसतात, तेव्हा आधी विचारून जावं. आम्हाला रविवारी दुपारनंतर बघायला मिळालं.

पण आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते शनिवारी सकाळी होतं.

पार्मिजानो रेज्जानो हे या भागाचं नावाजलेलं चीज. ते करणाऱ्या एका सहकारी कारखान्याला धाकटीनं महिनाभर आधी पत्र लिहून वेळ मागितली होती. त्यांनी आठची दिली. उशिरा आलात तर काम संपलेलं असेल, असं बजावूनही सांगितलं. दूध रोज येतं, त्यामुळे हे काम वर्षाचे 365 दिवस चालतं. नाताळातही, ईस्टरलाही. आप्पांनी मान हलवली. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीआधी गोठ्यात जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

डोक्याला जाळीची टोपी, बुटांवर प्लास्टिक, अंगावर पांढरा झगा घालून आत गेलो. पहिल्या खोलीत लांबरुंद, उथळ, स्टीलचे हौद. त्यांत आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर स्थिर ठेवलेलं. साय आपोआप वर येते, ती काढून तिचं लोणी करतात. खाली उरलेलं दूध सकाळच्या ताज्या, सायीसकट दुधात मिसळतात. दूध तापवून निर्जंतुक करत नाहीत, कच्चंच वापरतात. गोठ्यात ते 18 अंशांच्या खाली थंड करायला परवानगी नाही, आणि धार संपल्यापासून दोन तासांत ते कारखान्यात पोचलं पाहिजे.

धाकटी हे सांगत होती तेव्हा आप्पा थांबले. "18? आपल्यात चारला आणत्यात की."

आपल्याकडे दूध लांब जातं, चिल्लिंग सेंटरला, तिथून शहरात, म्हणून चार अंश. इथं गोठा आणि कारखाना यांत काही किलोमीटरचंच अंतर. आणि दुधातले जे चांगले जिवाणू चीज घडवतात, ते जिवंत राहावेत म्हणून हा नियम. धाकटी हे मराठीत सांगत होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता. आप्पांच्याच मांडीवर बसून तिनं दुधातलं फॅट मोजायची काचेची नळी पहिल्यांदा पाहिली होती.

दुसऱ्या खोलीत तांब्याच्या कढया होत्या. उलट्या घंटेसारख्या, निम्म्या जमिनीत रुतलेल्या, एकेकीत 1,000 लिटरच्या वर दूध. एका कढईतून चीजची दोन चाकं, म्हणजे चाकासारखे जाड गोल गड्डे, निघतात. एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागतं आणि तयार चाक भरतं 40 किलोच्या आसपास. मुख्य कारागिराला काझारो म्हणतात. आमचा काझारो पन्नाशीचा, कमी बोलणारा, कोपरापर्यंत हात उघडे. त्यानं एका बादलीतून पातळ, पिवळसर निवळी कढईत ओतली.

"विरजण," आप्पा म्हणाले.

अगदी तेच. कालच्या चीजमधून निघालेली निवळी राखून ठेवायची, ती रात्रभर आंबते, आणि आज तिचंच विरजण लावायचं. आजच्यातलं उद्याला. घरोघरी दह्याची कवडी राखून ठेवतात तसं.

त्यानंतर मात्र जे घालतात त्याबद्दल मला लिहायचंच आहे, कारण अनेक शाकाहारी मराठी प्रवाशांना ते माहीत नसतं. दूध फाडायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत तेच सांगितलेलं आहे, दुसरा पर्याय नाही. म्हणजे हे चीज शाकाहारी नव्हे. धाकटीनं हे आप्पांना पार्मातच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. काझारोनं रेनेट ओतलं तेव्हा आप्पांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. पण ते तिथून हलले नाहीत. बघायला आले होते ते पूर्ण बघितलं.

दहा-बारा मिनिटांत दूध विरजून थरथरायला लागतं. मग काझारो एक लांब दांड्याचं, तारांच्या गोल पिंजऱ्याचं अवजार फिरवतो. स्पीनो त्याचं नाव. आपल्या रवीची थोरली बहीण म्हणावी असं. त्यानं दह्याचे तुकडे होत होत तांदळाच्या कणीएवढे दाणे पडतात. मग कढई 55 अंशांपर्यंत तापवतात. काझारो दर थोड्या वेळानं मूठभर दाणे उचलून दाबत होता, बोटांनी मोकळे करत होता, पुन्हा दाबत होता. भिंतीवर तापमानाचे आकडे दिसत होते, पण आंच कधी बंद करायची ते त्यानं हाताला विचारून ठरवलं. आप्पा त्याच्या हाताकडेच बघत होते. घरी गुऱ्हाळ होतं तेव्हा काकवीचा पाक ते असाच दोन बोटांत धरून बघायचे.

दाणे तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. जवळजवळ तासाभरानं दोन माणसांनी लाकडी फळीनं तो सैल केला, खालून कापड घातलं आणि वर उचलला. निवळी धो धो गळत होती. चक्का टांगावा तसा तो मोठा गोळा कापडात लोंबत होता. मग सुरीनं त्याचे दोन भाग केले. या दोघांना ते जुळे म्हणतात. दोन्ही साच्यात गेले. साच्याच्या आतल्या पट्ट्यावर ठिपक्यांची अक्षरं असतात, ती कवचावर उमटतात. चीजचं नाव, कारखान्याचा क्रमांक, महिना, वर्ष. शिवाय दुधातल्याच केसिनची एक छोटी चकती वर बसवतात, तिच्यावर त्या एकाच चाकाचा स्वतंत्र क्रमांक. आप्पांनी खिशातली डायरी काढली. ज्या जुळ्यांचा जन्म आम्ही पाहिला, त्यांतल्या एकाचा क्रमांक आणि तारीख लिहून घेतली.

पुढे सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात, आणि मग कोठार.

कोठाराचं दार उघडलं तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही. छतापर्यंत लाकडी फळ्या, प्रत्येकीवर सोनेरी चाकांची रांग, आणि वास असा की तूप, सुकामेवा आणि वाळलेला चारा एकत्र व्हावा. एक यंत्र रांगेतून सरकत एकेक चाक उचलून पुसत होतं, उलटं करत होतं. किमान बारा महिने इथं राहिल्याशिवाय चाकाला नाव मिळत नाही. बारा महिन्यांनी चीज करणाऱ्यांच्या संघाचे तपासनीस येतात, हातात छोटा हातोडा घेऊन. चाकावर ठिकठिकाणी ठोकतात आणि ऐकतात. आत पोकळी असली, भेग असली की आवाज बदलतो. आवाज चांगला असेल तर कवचावर डाग देऊन शिक्का मारतात. फारच बिघडलेल्या चाकावरची ठिपक्यांची अक्षरं खरवडून काढतात, मग त्याला ते नाव लावता येत नाही.

2012 च्या मे महिन्यात या भागात दोन मोठे भूकंप झाले. तेव्हा कोठारांतल्या फळ्याच्या फळ्या कोसळून हजारो चाकं जमिनीवर फुटली. देशभरातल्या लोकांनी ती फुटकी चाकं मागवून विकत घेतली, हे सांगताना काझारो त्या दिवसात पहिल्यांदाच सलग दोन मिनिटं बोलला.

आप्पांचा प्रश्न वेगळा होता. "दूध आज घातलं, चीज दोन वर्षांनी विकलं. मग शेतकऱ्याला पैसं कवा?"

धाकटीनं विचारून सांगितलं. कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा. दर महिन्याला काही उचल मिळते, आणि चीज विकल्यावर हिशेब होऊन उरलेलं. तोवर पैसा कुठून आणायचा? तर इथल्या क्रेदितो एमिलियानो या बँकेची स्वतःची चीजची कोठारं आहेत. चाकं तारण ठेवून ती कर्ज देते, आणि ठेवलेल्या चाकांची निगाही राखते.

"साखर तारण," आप्पा म्हणाले. "उचल आन् शेवटचं बिल. आपलंच हाय की सगळं." मग जरा थांबून म्हणाले, "पर ह्यांचं शेवटचं बिल येतं."

शेवटी कारखान्याच्या बाईंनी पाटावर चीजचे तुकडे मांडले, बारा महिन्यांचं, चोवीसचं, छत्तीसचं. मी खाल्लं. चोवीस महिन्यांच्या चीजमध्ये दाताखाली बारीक खडे लागतात, ते मिठाचे नसतात, मुरताना प्रथिनं तुटून तयार झालेले अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. आप्पांनी एक तुकडा हातात घेतला, मोडून पाहिला, खोल वास घेतला आणि दोन्ही हातांनी परत ठेवला. बाईंना वाईट वाटेल म्हणून धाकटी समजावून सांगायला लागली. त्यांनी माळेकडे पाहिलं, आत गेल्या आणि वाटीभर लोणी घेऊन आल्या. लोणी रेनेट घालण्याच्या आधीच्या सायीचं, म्हणून ते चालतं. पावात डुकराची चरबी नाही ना, हेही धाकटीनं विचारलं. या भागात कितीतरी भाकरी-पुऱ्यांसारख्या पदार्थांत ती असते, शाकाहारी माणसानं दर वेळी विचारावंच. पावावर लोणी लावून आप्पांनी खाल्लं. म्हणाले, "गाईचंच हाय. पर चाऱ्याचा वास लागतोय बघ."

तो वास का लागतो, ते दुपारी गोठ्यावर कळलं. कारखान्याच्या एका सभासदाचा गोठा, दीडशे गाई, बहुतेक काळ्यापांढऱ्या होल्स्टीन. चार-पाच लाल होत्या. ती इथली मूळ रेज्जाना जात. एके काळी याच गाईंच्या दुधाचं हे चीज व्हायचं. मग जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीन आल्या आणि 1980 च्या दशकापर्यंत लाल गाई हजाराच्याही आत आल्या. काही शेतकऱ्यांनी हट्टानं त्या वाचवल्या, त्यांच्या दुधाचं चीज वेगळं काढलं, आणि आता त्याला जास्त भाव मिळतो. आप्पांनी त्या लाल गाईच्या पाठीवर हात फिरवला. आमच्याकडे खिल्लारची शेवटची जोडी मी सातवीत असताना विकली. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण हात बराच वेळ तिथं होता.

गोठ्यावर धारा काढणारे भाऊ पंजाबी निघाले, होशियारपूरकडचे. पगडी, गमबूट, आणि तोंडात हिंदी-पंजाबी-इटालियन. गोठ्यातल्या गड्याला इथं बेर्गामीनो म्हणतात. हे काम पहाटे आणि संध्याकाळी, सुट्टीशिवाय. इथल्या तरुणांनी ते सोडायला लागल्यावर 1980 आणि 90 च्या दशकांत पंजाबातून शीख आले. जनावरांची सवय घरची होती. आज हा प्रदेश ज्या चीजनं ओळखला जातो, त्याच्या कितीतरी दुधाची सुरुवात पगडीवाल्या हातांनी होते.

"मुरघास कुठं करता?" आप्पांनी हिंदीत विचारलं. मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, बहुतेक मक्याचा. मक्याची शेतं पाहिल्यापासून त्यांना तो प्रश्न होता.

"चाचाजी, साइलेज? यहाँ मना है।"

आप्पांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आपल्याकडे गेली दहा-पंधरा वर्षं मुरघासाशिवाय गोठा चालत नाही. शिबिरं होतात, बॅगा मिळतात, खड्डे घेतले जातात. इथं या चीजसाठी दूध द्यायचं असेल तर मुरघास गोठ्यात आणायचासुद्धा नाही. कारण मुरघासात काही जिवाणूंचे बीजाणू असतात. ते दुधात उतरतात, आणि महिन्यांनंतर, चाक मुरत असताना, आत वायू धरून ते फुगवतात. दुसऱ्या काही चीजमध्ये त्यावर उपाय म्हणून लायसोझाइम हे अंड्यातून काढलेलं प्रथिन घालतात, यात तेही घालायची बंदी आहे. म्हणून वाळलेला चारा आणि गवत. म्हणून इतकी लसूणघास. हातोडीचा आवाज वर्षानं चांगला यायचा असेल तर गव्हाणीत आज काय पडतंय तिथून सुरुवात करावी लागते.

मुरघास आपल्याकडे वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. आपल्या उन्हाळ्यात तो नसता तर किती गोठे बंद पडले असते, ते आप्पाच सांगतात. पण एका मुलखानं ठरवून, सोपी गोष्ट बाजूला ठेवून, कष्टाची पाळली आणि त्याचा भाव शेतकऱ्याच्या घरी पोचवला, हे मला त्या किल्ल्याहून मोठं वाटलं.

रविवारी गुरुद्वारात गेलो. गावाबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीत आहे. 2000 साली त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा युरोपीय आयोगाचे अध्यक्ष असलेले रोमानो प्रोदी आले होते. इटलीतल्या मोठ्या गुरुद्वारांत तो मोजला जातो. दारातच एका वयस्कर सरदारजींनी विचारलं, कुठून आलात. आप्पा म्हणाले, "महाराष्ट्र." त्यांनी लगेच हात जोडले. "हजूर साहिब!" नांदेडचं नाव इतक्या लांब, इतक्या आदरानं ऐकून मला भरून आलं.

आप्पांनी मग त्यांना आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, आमचे नामदेव महाराज तुमच्या ग्रंथात आहेत ना? सरदारजी म्हणाले, भगत नामदेवजींची बाणी गुरू ग्रंथ साहिबात आहे, 61 पदं. घुमानला ते राहिले ते गाव माझ्या सासुरवाडीजवळ. आप्पा लहानपणापासून नामदेवांचे अभंग म्हणतात. घुमान त्यांना नावानं माहीत होतं. ग्रंथसाहिबापुढे त्यांनी डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

लंगरमध्ये डाळ, रोटी, भाजी, खीर. चार दिवसांतलं त्यांचं सगळ्यात समाधानाचं जेवण. शेजारी बसलेली मुलं आपसात अस्खलित इटालियन बोलत होती आणि आजीशी पंजाबी.

सोमवारी पो नदीकडे गेलो. आधी ग्वाल्तिएरी. त्या एवढ्याशा गावाचा चौक आपल्या तालुक्याच्या बाजारतळाहून मोठा आहे. आन्तोनिओ लिगाब्वे हा चित्रकार इथलाच म्हणायचा. 1899 साली झुरिकमध्ये जन्मला, स्वित्झर्लंडनं हाकलल्यावर 1919 मध्ये इथं आला, नदीकाठच्या रानात हालात राहिला आणि वाघ, कोंबडे, नांगराला जुंपलेली जनावरं रंगवत राहिला. राजवाड्यात त्याच्यावरचं संग्रहालय आहे. नांगरणीचं त्याचं एक चित्र छापील पत्रावर मिळालं, ते आप्पांनी घेतलं. आता ते आमच्या सोप्यात आहे.

हा सगळा मुलूख एके काळी दलदलीचा. 16व्या शतकापासून कालवे काढून तो कोरडा केला. आता तेच कालवे पावसाळी पाणी बाहेर नेतात आणि उन्हाळ्यात शेतांना पाणी देतात. जवळच बोरेत्तोला पंप लावून नदीचं पाणी वर उचलतात. "म्हैसाळ योजनेवाणी," आप्पा म्हणाले. नदीच्या दोन्ही काठांना उंच मातीचे बांध. बांधावर चढलो तर एका बाजूला संथ, मातकट, रुंद पो आणि दुसऱ्या बाजूला, नदीच्या पुराच्या पातळीहून खाली, घरं आणि गोठे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गोठ्याच्या पत्र्याला लागलं होतं. आप्पा त्या बांधाची रुंदी पावलांनी मोजून आले. 

पलीकडचा काठ दिसत होता. तसेच पॉप्लर, तशीच शेतं. धाकटी म्हणाली, पार्मिजानोची हद्द या बाजूला नदीशी संपते. पलीकडे ग्राना पादानो करतात, आणि तिथं मुरघास चालतो. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन नियम. आप्पांनी दोन्हीकडे नीट बघून घेतलं.

संध्याकाळी नोवेल्लाराला परतताना शेताच्या कडेला झाडांखाली बाकं टाकलेली, दिवे लावलेले. कलिंगडाचा अड्डा. या भागाचं कलिंगड नावाजलेलं आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. उन्हाळ्यात कुटुंबंच्या कुटुंबं रात्री येऊन थंडगार फोडी खात बसतात. ढिगापाशी जाऊन आप्पांनी बोटांनी तीन कलिंगडं वाजवली आणि चौथं उचललं. आत लालभडक निघालं. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं हात वर करून दाद दिली, आणि मग पुढच्या कुटुंबासाठीही आप्पांनाच वाजवून द्यायला लावलं.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. विहिरीजवळची लसूणघास आप्पांनी पाचाची दहा गुंठे केली. दोन गाईंना ते मुरघास देत नाहीत, त्यांचं दूध घरी ठेवतात आणि तूप कढवतात. बाकीच्यांचा मुरघास चालूच आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी मला डायरी घेऊन पार्माला फोन लावायला सांगितला. धाकटीनं दुसऱ्याच दिवशी त्या कारखान्यात विचारलं. काझारोनं नोंदवही काढून क्रमांक पाहिला. जुलैमध्ये तपासनीस येऊन गेले होते. त्या दिवशीची सगळी चाकं ठोकून झाली, आमचंही.

"कसं वाजलं म्हणं?" आप्पांनी फोनवर विचारलं.

"चांगलं वाजलं, आप्पा. शिक्का बसला."